बाजेवरचा सव्वा महिना
सव्वा महिना बाळंतिणीला कामाला लावू नये, या जुन्या रीतीला शरीराचा आधार आहे. प्रसूतीनंतर सुमारे १ किलोचं गर्भाशय ६ आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आत येतं; वार सुटलेल्या जागेची जखमही याच काळात भरत असते. म्हणून धुणी, पाण्याच्या कळश्या, पाहुण्यांची उठबस इतरांनी सांभाळावी. शेतात राबणाऱ्या बायका कुठे पडून राहत होत्या, असं विचारलं जातं. त्यांना विसावा नको नव्हता, तो मिळत नव्हता. मात्र दिवसभर बाजेला खिळणंही घातकच, कारण याच आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. घरातल्या घरात फिरावं. पाणी तोडण्याची चाल तर सोडूनच द्यावी. अंगावर पाजणारीला ते जास्तच लागतं. आणि तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा ताप चढला, तर तडक दवाखाना गाठावा.