मनी आणि पंधरा दिवस

'कोसला' कादंबरीत नायकाची धाकटी बहीण मनी देवीनं जाते, त्या पानांशी मी दर वेळी अडतो. म्हणूनच जळगावहून भुसावळमार्गे यावल तालुक्यातलं सांगवी गाठलं. 'कोसला'चे लेखक भालचंद्र नेमाडे 1938 साली जन्मले ते याच गावात. एस.टी.तून उतरल्यावर रस्त्यालगत केळीची कापणी चालू होती. कापलेल्या खोडांचा ओला, तुरट वास अंगावर येत होता आणि घड वाहणाऱ्यांचे सदरे चिकानं काळे पडले होते. हे डाग कितीही धुतले तरी जात नाहीत.

एका ओट्यावर निवृत्त गुरुजी बसले होते. "पंधरा दिवसांत लिहिलंय त्यांनी," विषय निघताच ते म्हणाले. चहा आला तेव्हा पुन्हा, "पंधरा दिवस, बरं का!" 1963 साली पुस्तक आलं तेव्हा लेखकानं जेमतेम पंचविशी गाठली होती, हे खरंच. पण मला त्या पंधरा दिवसांचं फारसं कौतुक वाटत नाही. हात तेवढेच दिवस चालला असेल. बापाचा धाक, त्याच्या पैशावर जगण्याची टोचणी, बायकांची घरातली घुसमट हे सगळं त्याआधी कितीतरी वर्षं खान्देशातल्या कुठल्या ना कुठल्या माजघरात मुरत पडलेलं होतं.

पुढे नेमाड्यांनी धुळ्यासारख्या गावांत इंग्रजी शिकवलं. 'बिढार', 'जरीला', 'झूल' या त्यांच्या कादंबऱ्यांमधला चांगदेव पाटील असाच गावोगाव नोकऱ्या करत फिरतो. 'झूल' 1979ची, 'हिंदू' 2010ची. मधली एकतीस वर्षं पंधरा दिवसांशेजारी ठेवून बघावीत. 'हिंदू'तला खंडेरावही बापाच्या मरणापायी मोरगावला परततो. पुन्हा तेच घर, पुन्हा मरण.

गुरुजींनी बाही वर करून दंडावरचे देवीच्या लशीचे व्रण दाखवले. देश देवीमुक्त जाहीर झाला 1977 साली. त्यांची धाकटी बहीण त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

"मनीचं वाचता का?" मी विचारलं.

"एकदाच वाचलं. बाकी पुस्तक चारदा झालंय. ती पानं आली की मी पुढे जातो."

2014चं ज्ञानपीठ धरूनही नेमाड्यांना याहून मोठी दाद मिळाली असेल, असं मला वाटत नाही.