हवा पिणारी गोचीड

कुत्र्याच्या कानामागून गळून पडलेली टम्म गोचीड फरशीवर रेंगाळत नाही. आपल्या अवजड पोटासकट ती जवळच्या भिंतीकडे निघते आणि वर चढू लागते. आपल्याला वाटतं, ती पळून चाललीय. खरं तर ती बाळंतपणाला चाललेली असते. दाराच्या चौकटीची फट, प्लास्टरचा सुटलेला पोपडा, विजेच्या बोर्डामागची पोकळी, अशी एखादी जागा तिला हवी असते. तिथे शिरून ती अंडी घालते. एक-दोन नाही, हजारोंनी. मग मरून जाते. इकडे आपण कुत्र्याला औषधी साबणाने आंघोळ घालतो, गोचिडी वेचून रॉकेलच्या वाटीत टाकतो आणि सुटलो म्हणतो. महिनाभराने कुत्रा पुन्हा भरलेला! दोष मग औषधाला, शेजारच्या कुत्र्याला किंवा पावसाळ्याला. भिंतीकडे कोणी बघत नाही.

कुत्र्याच्या या तपकिरी गोचिडीच्या आयुष्यात जेवणं अवघी तीन. अंड्यातून निघणारं पिल्लू खसखशीहून बारीक आणि सहा पायांचं. ते कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, गळून पडतं आणि फटीत जाऊन कात टाकतं. आता पाय आठ होतात, कारण गोचीड ही कीटकांपैकी नव्हे, कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातली. पुन्हा कुत्रा, पुन्हा जेवण, पुन्हा फट. तिसऱ्या खेपेला ती वयात आलेली असते. प्रत्येक जेवण काही दिवसांचं, फार तर दोन-तीन आठवड्यांचं. दोन जेवणांमधला उपास मात्र महिनोन्‌महिने चालू शकतो. म्हणजे कुत्रा ही तिची खाणावळ. राहायला ती आपल्याच घरात असते.

हे जेवणही बघण्यासारखं असतं. गोचीड डासासारखी सुई टोचून उडून जात नाही. कातडीला चीर पाडून ती उलट्या काट्यांची सोंड आत रुतवते, बऱ्याच जातींत भोवती लाळेचं सिमेंट ओतून पक्की बसते. लाळेतच बधिर करणारी, रक्त गोठू न देणारी, खाज आणि सूज दाबणारी द्रव्यं असतात, म्हणून कुत्र्याला दोन-दोन दिवस पत्ता लागत नाही. प्यालेल्या रक्तातलं जादा पाणी ती लाळेवाटे परत कुत्र्याच्याच अंगात सोडते आणि घट्ट सत्त्व तेवढं ठेवून घेते. रोगाचे जंतू अंगात शिरतात ते याच लाळेतून. सुरुवातीचे दिवस ती हळूहळू पिते; नराशी संग झाला की शेवटच्या दिवसभरात भसाभसा ढोसते आणि तिचं वजन शंभरपट होतं. अशी मादी एरंडाच्या बीशेजारी ठेवली तर पटकन ओळखू येणार नाही. तिच्या पोटाखाली एक चपटी, तांबूस, किरकोळ गोचीड चिकटलेली दिसते. लोक तिला पिल्लू समजतात. तो बहुधा नवरा असतो.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र तिच्या तहानेची आहे. रक्तावर जगणारा हा जीव उपासाच्या काळात चक्क हवा पितो! तोंडावर ती एक खारट, पाणी शोषणारी लाळ आणते. दमट हवेतली वाफ त्या लाळेत उतरते आणि गोचीड ती गिळून टाकते. साठवलेल्या रक्तावर भूक भागते, हवेतल्या ओलीवर तहान. हवा कोरडी पडली की हा नळ बंद. माझ्या मते गोचिडीशी लढायचं ते इथे, विषाच्या बाटलीकडे हात जाण्याच्या आधी.

अंगणात तिला लागते सावली आणि ओल. पालापाचोळ्याचे ढीग, कुंपणाकडेचं वाढलेलं गवत, वर्षानुवर्षं न हलवलेल्या विटा, कुत्र्याच्या बसण्याच्या जागेवर पसरलेलं पोतं. गवत कापलं, पाचोळा उचलला आणि जमिनीला ऊन लागू दिलं, की तिच्या बऱ्याच भाऊबंदांचा निकाल लागतो. गवतातल्या गोचिडी पात्याच्या टोकाशी पुढचे दोन पाय पसरून वाट बघत बसतात. त्या पायांवरच्या एका इवल्या खळग्यात वास, ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपायची सोय असते. उडी मारता येत नाही, उडता येत नाही. तुम्ही घासून गेलात तरच त्यांचं साधतं. म्हणून पायवाट रुंद आणि मोकळी ठेवणं हाही एक उपायच.

कुत्र्याची गोचीड मात्र कोरडेपणाला बरीच चिवट, त्यामुळे घरात तिचा मुक्काम जमतो. तिच्यासाठी फटी बुजवायच्या, कोपऱ्यांतून आणि भिंतीच्या वरच्या कडेने व्हॅक्यूम फिरवायचा, अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध आणि घराची सफाई एकाच दिवशी सुरू करायची. अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. ती नंतर फुटतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने सगळं पुन्हा करायचं. घरात मांजर असेल तर जास्त जपायचं, कारण कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराच्या जिवावर बेततं. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. काडी पेटवून चटका देणं, तेल ओतणं, बोटांनी चिरडणं, हे सगळे उद्योग टाळावेत.

गोठ्यातली निळसर गोचीड वेगळ्या चालीची. पिल्लू गाईवर चढलं की तिन्ही जेवणं तिथेच उरकतं आणि तीनेक आठवड्यांनी थेट अंडी घालायला उतरतं. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी 1893 मध्ये दाखवून दिलं, की गुरांचा टेक्सास ताप पसरतो तो हिच्यामुळे. डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचे जंतू दिसले ते त्यानंतर चार वर्षांनी. गुरं राखणारी माणसं गोचिडीवर आधीपासूनच बोट ठेवत होती, ही त्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पुढे 1906 पासून तिथे निर्मूलनाची मोहीम चालली. तिच्यात गुरांना औषधाच्या हौदात बुडवत होतेच, शिवाय कुरणं काही महिने रिकामी ठेवत होते. गाय नाही, तर जेवण नाही. गवतावर वाट बघत पिल्लं उपाशी मेली. आपल्याकडे कुरण रिकामं ठेवणं थोड्यांनाच परवडेल, पण गोठ्याच्या भिंतीच्या भेगा लिंपणं आणि फ्लेमगनची ज्योत त्या भेगांवरून फिरवणं जमण्यासारखं आहे. छपर गवताचं असेल तर अर्थातच ज्योत लांब ठेवावी.

जंगलाला लागून घर असेल तर प्रकरण गंभीर होतं. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात 1957 मध्ये माकडं मरू लागली, माणसंही तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. गोचिडींमार्फत पसरणारा हाच माकडताप पुढे सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्याच्या सत्तरीत पोचला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरतात. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ, आणि नेमका काजू वेचायचा हंगामही त्यातच. अशा दिवसांत पूर्ण अंग झाकणारे कपडे घालायचे, हातापायांना गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल लावायचं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, कानामागची जागा तपासायची. जंगलातला पाचोळा गोठ्यात अंथरायला आणायचा नाही. आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आधी आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं.