जंजिऱ्याची होडी आणि बी-१२

हॉस्टेलमध्ये पोटाचा विषय निघाला की गाडी शेवटी मेसच्या डाळीवर येऊन थांबते. आज मेसला सुट्टी! आज मी सांगणार आहे ते जठराच्या आतल्या अस्तराच्या एका आजाराबद्दल. तो फारसा दिसत नाही, पण काही घरांत एकापेक्षा जास्त जणांना होतो. नाव आहे ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस. तो वाढला की पर्निशस ॲनिमिया होतो.

आधी सिस्टीम समजून घेऊ. जठराच्या अस्तरात पराएटल नावाच्या पेशी असतात. त्यांची कामं दोन : आम्ल तयार करणं आणि 'इंट्रिन्सिक फॅक्टर' हे प्रथिन सोडणं. मासे, मटण, अंडी, दूध यांतून येणारं बी-१२ जीवनसत्त्व या प्रथिनाला धरूनच लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून रक्तात शिरतं. राजपुरीचा धक्का आठवा. धक्क्यावर माणसं कितीही जमू देत, होडी नसेल तर जंजिऱ्यात कोण पोचणार? इंट्रिन्सिक फॅक्टर म्हणजे ती होडी.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पराएटल पेशींवर उलटते. होड्या कमी होत जातात. पण यकृतातला बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

माझा मामा मुरूडचा. दोन्ही वेळेला ताटात मासळी. तरी थकवा, जिभेची आग, पायांना मुंग्या. "वय झालं रे आता," म्हणायचा. एका दवाखान्यातून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या. हिमोग्लोबिन सुधारलं, सगळे खूश. मुंग्या मात्र वाढत गेल्या आणि अंधारात चालताना तोल जाऊ लागला. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "एवढे मासे खाता, मग बी-१२ जातं कुठे?" इनपुट ठीक, आउटपुट शून्य, म्हणजे बिघाड मध्येच! रक्तातल्या अँटिबॉडीज आणि एंडोस्कोपीने तो सापडला.

रक्त सुधारूनही नसा का बिघडल्या? याचा धागा आपल्या मुंबईतच आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना तिने गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासला. रक्त पर्निशस ॲनिमियासारखंच दिसे, पण आजार वेगळा होता. मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, देऊन त्या बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. बी-१२ शुद्ध स्वरूपात हाती आलं ते १९४८ मध्ये.

दोन्ही जीवनसत्त्वं रक्तपेशी बनवायला लागतात. म्हणून बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारू शकतो. नसांना मात्र बी-१२च हवं. ते मिळालं नाही की तिथली झीज चालूच राहते. मामाचं नेमकं हेच झालं.

उपाय सोपा आहे : बी-१२ची इंजेक्शनं, बहुधा जन्मभर. मोठ्या डोसच्या गोळ्याही चालतात, कारण शंभरातला साधारण एखादा कण होडीशिवाय पोहून पलीकडे जातो! मामाची ताकद परत आली. बोटांचा बधिरपणा मात्र राहिला, कारण उशीर झाला होता. नंतर माझ्या आईनेही तपासणी करून घेतली. तिला थायरॉइडचा त्रास आहेच, आणि थायरॉइड, अंगावरचं कोड, टाइप १ मधुमेह ही मंडळी या आजाराच्या नात्यातलीच.

आता लगेच घाबरून जाऊ नका. आपल्याकडे बी-१२ कमी असण्याचं नेहमीचं कारण आहार हेच आहे, विशेषतः शाकाहारी मुलांमध्ये. पण सतत थकवा, जिभेची आग किंवा मुंग्या असतील तर मित्राची उरलेली टॉनिकची बाटली संपवू नका. डॉक्टरांना बी-१२ तपासायचं का, ते विचारा. आणि सुट्टीत घरी गेलात की आजी-काकांना कोणकोणते आजार आहेत तेही विचारून या. सबमिशनच्या जर्नलपेक्षा ही माहिती जास्त दिवस कामाला येईल!