विद्यापीठीय जनसंपर्क

विद्यापीठीय जनसंपर्क : विद्यापीठाचे निर्णय, परीक्षा, संशोधन व समारंभ यांविषयीची माहिती वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी इ. माध्यमांद्वारे लोकांस देणे आणि लोकांच्या शंका व तक्रारी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांपर्यंत नेणे, असे या कार्याचे दुहेरी स्वरूप आहे. व्यवहारात पहिल्या अंगावरच भर पडतो. दुसरे बहुधा उपेक्षित राहते.

व्यावसायिक जनसंपर्काच्या आरंभापासून विद्यापीठांचा त्याच्याशी संबंध आला. बॉस्टन येथे १९०० मध्ये निघालेल्या ‘पब्लिसिटी ब्यूरो’ या संस्थेच्या पहिल्या ग्राहकांत हार्व्हर्ड विद्यापीठ होते, तर विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९०४ मध्ये वृत्तपत्रांसाठी स्वतःचे वार्तापत्रक सुरू केले. भारतात हे कार्य प्रथम उद्योगसमूहांत रुजले. टाटा समूहाने १९४३ मध्ये मुंबईत असा विभाग उघडला. विद्यापीठांनी मात्र ते पुष्कळ उशिरा स्वीकारले [⟶ जनसंपर्क].

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. प्रारंभी अध्यापन महाविद्यालयांत होई व विद्यापीठ केवळ परीक्षा घेऊन पदव्या देई. त्यामुळे सामान्य कुटुंबाला विद्यापीठाची ओळख मुख्यतः निकालाच्या रूपाने झाली आणि ती बव्हंशी तशीच टिकली. मुंबई शहर व उपनगरांपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठाचे परीक्षा भवन कलिना येथील विद्यानगरीत आहे. १९५७ पासून बृहन्मुंबईत समाविष्ट असलेल्या दहिसरसारख्या उत्तर टोकाच्या उपनगरातील विद्यार्थ्याचा संबंध जवळच्या संलग्न महाविद्यालयाशी येतो, विद्यापीठाच्या कार्यालयाशी क्वचितच. वेळापत्रकातील बदल त्याला महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरून वा वर्तमानपत्रातून कळतो. अतिवृष्टीमुळे लोकलगाड्या बंद पडून परीक्षा पुढे ढकलली, तर ती सूचना त्याच्यापर्यंत पोहोचण्यातील एका तासाचा विलंबही मोलाचा ठरतो.

जनसंपर्क अधिकाऱ्याच्या दैनंदिन कामात प्रसिद्धिपत्रके तयार करणे, पत्रकार परिषदा भरविणे, कात्रणांचा संग्रह ठेवणे, चुकीच्या वृत्ताचा खुलासा पाठविणे व दीक्षान्त समारंभास प्रसिद्धी देणे यांचा समावेश होतो. त्याची खरी अडचण अधिकाराची असते. माहिती परीक्षा विभाग, कुलसचिव वा कुलगुरू यांच्याकडे असते. प्रश्न मात्र त्याला विचारले जातात. परिपत्रकास मान्यता मिळेपर्यंत तो बोलू शकत नाही आणि वृत्तपत्राची पाने त्याच्यासाठी थांबत नाहीत. संशोधनाच्या वार्तेत आणखी एक पेच असतो: प्राथमिक निष्कर्षास ‘शोध’ म्हणण्याचा मोह वार्ताहरास होतो, तसा तो विद्यापीठासही होतो.

या व्यवस्थेची कसोटी २०१७ मध्ये लागली. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यमापन सुरू केले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचे काम रखडले. ३१ जुलैपर्यंत निकाल लावण्याचा कुलपतींचा आदेश पाळला गेला नाही आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. शेवटच्या परीक्षेपासून ३० दिवसांत, व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावावा, अशी २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाची अपेक्षा असल्याने हा विलंब विशेष खटकला. पुढील प्रवेश अडलेल्या विद्यार्थ्यांना निश्चित तारीख हवी होती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. अशा वेळी जाहीर झालेली प्रत्येक नवी तारीख हुकली की पुढील प्रसिद्धिपत्रकावरचा विश्वास कमी होतो. किती उत्तरपत्रिका तपासून झाल्या, हे रोज सांगणे आश्वासनापेक्षा अधिक उपयोगी ठरते. परंतु त्यासाठी मूल्यमापन विभागाने तो आकडा जनसंपर्क कक्षास रोज द्यावा लागतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार शासकीय विद्यापीठे ही सार्वजनिक प्राधिकरणे ठरली. परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. त्यामुळे विद्यापीठाच्या वतीने उत्तर देणारे दोन अधिकारी झाले. जन माहिती अधिकाऱ्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, जनसंपर्क अधिकाऱ्यास त्याच सायंकाळची. दोघांची उत्तरे परस्परविरोधी निघाल्यास दुसऱ्या दिवशी तीच बातमी होते.