गावाच्या मालकीची ब्रुअरी: आधी माणसं मोजा, मग पातेलं घ्या

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन प्रकारचे फोन आले, असं संयोजक मघाशी सांगत होते. एक, "व्याख्यानानंतर चव घ्यायला मिळणार का?" आणि दुसरा, "असले विषय घ्यायची गरजच काय?" पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे. तो टाळणार नाही.

आपण एका गावापासून सुरुवात करू. इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रिया नावाचा परगणा आहे, तिथल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागाच्या कडेला हेस्केट न्यूमार्केट नावाचं छोटंसं गाव आहे. गावात एक पब, 'ओल्ड क्राउन'. १९८८ साली या पबच्या मागच्या जुन्या कोठारात एक लहानशी ब्रुअरी सुरू झाली. १९९९ मध्ये मालकांनी निवृत्त व्हायचं ठरवलं. आता ब्रुअरी बंद पडणार किंवा बाहेरचा कोणीतरी घेणार, अशी वेळ आली. तेव्हा गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली आणि ब्रुअरी विकत घेतली. पुढे २००३ मध्ये पबही विक्रीला निघाला. तोही सव्वाशेच्या आसपास लोकांनी वेगळी सहकारी संस्था करून घेतला.

ऐकायला गोष्ट छान वाटते. गावाने आपली बिअर वाचवली. पण तुम्ही-आम्ही अशी संस्था काढायला बसलो, तर पहिली चर्चा कशाची होते? माझा अनुभव सांगतो. पहिली चर्चा होते नावाची. दुसरी लेबलची. तिसरी, पातेलं केवढं घ्यायचं याची. आणि गडबड होते ती तिथेच. कारण पातेलं केवढं हा प्रश्न तिसरा नाही, तो शेवटचा आहे. त्याआधी माणसं मोजायची असतात.

बिअर बनते कशी, थोडक्यात

हिशेबाकडे जाण्याआधी प्रक्रिया पाहून घेऊ. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व घरोघरी करतात. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. बार्लीचं हेच केलं की त्याला मॉल्ट म्हणतात. मोड आल्यावर दाण्यात अशी विकरं तयार होतात, जी पिठाची साखर करतात. हे मॉल्ट भरडून ६५ ते ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवलं की गोड पाणी मिळतं. ते गाळून तासभर उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालायची. कडवटपणा आणि सुगंध त्यांचा. मग ते झटपट गार करायचं आणि यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. एल प्रकारच्या बिअरला यासाठी आठवडाभर लागतो, त्यानंतर मुरण्यासाठी आणखी दोन-तीन आठवडे.

यीस्टचं एक सांगतो. आपल्याकडे विरजण संपलं की शेजारी वाटी घेऊन जायची पद्धत आहे ना? ब्रुअरींमध्ये अगदी तेच चालतं. आपलं यीस्ट बिघडलं तर शेजारच्या ब्रुअरीतून डबाभर आणायचं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी यीस्टचं शुद्ध विरजण वेगळं काढलं, आणि कंपनीने ते स्वतःपुरतं न ठेवता इतर ब्रुअरींनाही दिलं. म्हणजे या धंद्यात स्पर्धा आहे, तशी उसनवारीही आहे.

बाकी काम काय? धुणं. ब्रुअरीत काम करणाऱ्याला विचारा, दिवसातला मोठा वेळ घासण्या-धुण्यात जातो. पातेल्यात उकळतंय तोपर्यंत जंतूंची भीती नाही. एकदा ते गार झालं की मग पाइप, झाकण, झडप, हात, सगळीकडून भीती. एक रबरी वॉशर नीट धुतला नाही म्हणून अख्खी टाकी आंबट झालेली मी पाहिली आहे. ती गटारात सोडताना कोणी काही बोलत नव्हतं.

आता हिशेब

ब्रिटनमध्ये एक बॅरल म्हणजे ३६ गॅलन, साधारण १६४ लिटर. समजा, आपण पाच बॅरलचं पातेलं घेतलं. लहानच आहे हे. एका वेळी सुमारे ८२० लिटर बिअर. चार टक्क्यांची बिअर करायची तर सव्वाशे किलोच्या आसपास मॉल्ट लागेल. धुणं, गार करणं सगळं धरून पाच-सहा हजार लिटर पाणी. आठवड्यातून एकदा बनवायचं असं धरू.

ही बिअर नऊ गॅलनच्या पिंपात भरतात. पाच बॅरलची वीस पिंपं होतात. एका पिंपात ७२ पाइंट, तळाचा गाळ सोडला तर सत्तर धरा. म्हणजे आठवड्याला १,४०० पाइंट. पाइंट म्हणजे मोठा ग्लास, सुमारे ५७० मिलिलिटर.

आता आपले सभासद शंभर. उत्साही आहेत, आठवड्याला प्रत्येकी दोन पाइंट आपल्याच पबात पितात. किती झाले? दोनशे. म्हणजे तीन पिंपं. वीसपैकी तीन!

उरलेली सतरा कोण पिणार?

हा आकडा फळ्यावर लिहून ठेवा. सामुदायिक ब्रुअरीत सभासद भांडवल देतात, पण बिअर संपवायला ते पुरत नाहीत. त्यांनी ती संपवायची ठरवलं तर प्रत्येकाला आठवड्याला चौदा पाइंट प्यावे लागतील. असा धंदा समाजासाठी नाही, समाजाच्या अंगावर चालेल. म्हणून बाहेरचं गिऱ्हाईक हवंच. हेस्केट न्यूमार्केटच्या बाजूने काय होतं? डोंगर. लेक डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभर चालायला, चढायला लोक येतात. तिथल्या बिअरना नावंही डोंगरांची दिली, 'स्किडॉ', 'ब्लेनकॅथ्रा'. डोंगर उतरून आलेला माणूस पबात त्याच डोंगराच्या नावाची बिअर मागतो.

आणखी एक अडचण. असं पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर हवेने चव उतरते. सत्तर पाइंट तीन दिवसांत, म्हणजे रोज तेवीस-चोवीस. ज्या पबात रोज दहाच जातात, तिथे तुमचं पिंप ठेवू नका. तिथे बेचव बिअर मिळेल आणि नाव तुमचं खराब होईल.

मग कोणी म्हणेल, पातेलंच लहान घेऊ, एक बॅरलचं. चार पिंपं, शंभर सभासदांना बरोबर पुरतील. पण पातेलं लहान केलं म्हणून दिवस लहान होत नाही. भरडणं, भिजवणं, उकळणं, धुणं याला १६४ लिटरलाही आठ तास आणि १,६४० लिटरलाही जवळपास तेवढेच. म्हणजे एक बॅरलच्या बिअरमधून पगारी माणूस परवडत नाही. तिथे काम स्वयंसेवेचं, शनिवार-रविवारचं. पाच बॅरलला पगार निघू शकतो, पण सतरा पिंपांचं गिऱ्हाईक आधी शोधावं लागतं. या दोन्हींच्या मधलं पातेलं घेतलं की पंचाईत होते. स्वयंसेवक थकतात आणि पगारालाही पैसे नसतात. बहुतेक छोट्या ब्रुअरी इथेच अडखळतात.

आणि पैसा फिरतो कसा, तेही पाहा. मॉल्टचे पैसे आज द्यायचे. बिअर महिन्याने तयार. ब्रिटनमध्ये बिअरवरचा कर ती ब्रुअरीच्या दारातून बाहेर पडली की लागू होतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पबवाला पैसे देणार आणखी महिन्याने. म्हणजे कागदावर नफा आणि बँकेत खडखडाट. सुरुवातीच्या भांडवलात निदान तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. २००२ पासून तिथे लहान ब्रुअरींना करात सवलत मिळाली. तेव्हा वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत बनवणाऱ्यांना निम्माच कर होता. त्यानंतर लहान ब्रुअरींची संख्या झपाट्याने वाढली.

मालक कोण?

आपल्याला सहकार नवा नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० सालचा. भाग कितीही असोत, मत एकच, हे आपल्या आजोबांना पाठ होतं. सामुदायिक ब्रुअरीचा पाया तोच आहे. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार 'समुदायहित संस्था' नोंदवता येते. तिच्यात एका माणसाला एक मत, नफा समाजाच्या कामासाठी, आणि हवं तर मालमत्तेला कायमचं कुलूप घालता येतं. उद्या मोठी कंपनी भरपूर पैसे घेऊन आली तरी सभासदांना ब्रुअरी विकून ते पैसे वाटून घेता येत नाहीत.

भाग विकत घेणं आणि मालक असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॉटलंडच्या 'ब्रूडॉग' कंपनीने २००९ पासून हजारो ग्राहकांना भाग विकले. २०१७ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने तिच्यात सुमारे २२ टक्के हिस्सा घेतला आणि त्या भागांना परताव्यात अग्रक्रम मिळाला. ग्राहक मागच्या रांगेत गेले. बेकायदेशीर काहीच नव्हतं. ती सहकारी संस्था नव्हती, इतकंच. म्हणून नियमावली लिहिताना तीन ओळी आधी लिहा: मत किती, भाग परत कसे मिळणार आणि संस्था बंद पडली तर उरलेलं कोणाचं. लेबल नंतर.

दोन धोके, जे पत्रकात नसतात

पहिला, वायू. आपली ८२० लिटर बिअर आंबताना सुमारे २५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. एक छोटी खोली भरेल एवढा. तो हवेपेक्षा जड, वास नाही, रंग नाही. जमिनीलगत साठतो. जुन्या विहिरीत उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला काढायला गेलेला दुसराही येत नाही, अशा बातम्या आपण वाचतो. टाकीतही तेच होतं. स्वयंसेवकांच्या ब्रुअरीत हा धोका जास्त, कारण 'जरा वाकून पाहतो' म्हणणारा नवखा असतो. वायू मोजायचं यंत्र, खालच्या बाजूने हवा बाहेर काढणारा पंखा आणि एकट्याने टाकीत उतरायचं नाही हा नियम, याशिवाय पहिली भट्टी लावू नका.

दुसरा, सांडपाणी. त्यात साखर आणि यीस्ट असतं. ओढ्यात सोडलं तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. गावाच्या नावाने ब्रुअरी काढून गावाचाच ओढा मारायचा नसेल, तर ही परवानगी आणि सोय आधी. चोथ्याचं मात्र सोपं आहे, तो जनावरं आवडीने खातात. फक्त एक-दोन दिवसांत घालावा लागतो, नाहीतर आंबतो.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: आम्ही काही मित्र घरी थोडी बनवून पाहू शकतो का?*

महाराष्ट्रात नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, त्यामुळे तिथल्या सामुदायिक ब्रुअरींना स्वयंपाकघरात शिकलेली माणसं मिळतात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय एक लिटरही बनवणं गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झालं, नंतर आणखी मायक्रोब्रुअरी आल्या, त्या सगळ्या उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर चालतात. शिकायचं असेल तर तिथे काम करून शिका.

*प्रश्न (एका ताईंची चिठ्ठी): आमच्या गावात बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडलं. तुम्ही गावाने दारू बनवावी म्हणता. आम्ही काय समजायचं?*

ताई, सुरुवातीला म्हटलं होतं ना, याच प्रश्नाकडे यायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आपल्याकडे मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद.

गावाने ब्रुअरी काढावी, असं मी म्हणत नाही. कुठे काढली तर ती कशी चालते, ते सांगितलं. दारू थोडी असो वा जास्त, पूर्णपणे निर्धोक असं कुठलंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. 'छोटी', 'स्थानिक', 'सहकारी' असे शब्द लावले म्हणून त्यात बदल होत नाही.

पण तुमच्या मतदानात आणि हेस्केट न्यूमार्केटच्या सभेत मला एक सारखेपणा दिसतो. दोन्हीकडे दारूचा निर्णय विकणाऱ्याने घेतला नाही, ज्यांना तिच्यासोबत जगायचं आहे त्यांनी घेतला. ब्रुअरीच्या सर्वसाधारण सभेत, शंभर जण चौदा-चौदा पाइंट पिऊ लागलेत असं कोणी उठून सांगितलं आणि ते ऐकून विक्री कमी करायची तयारी सभासदांनी दाखवली, तर ती संस्था सामुदायिक. नाहीतर ते साधं दुकान. आणि दुकान असेल, तर तुमच्या गावच्या बायकांना ते बंद पाडायचा पूर्ण हक्क आहे.