आमच्याकडचं डीजे गाणं कसं बनतं, आणि ते गायब का होतं?

मागच्या वर्षी बहिणीच्या लग्नासाठी मला एक रिमिक्स हवं होतं. हिंगणघाटच्या माझ्या शाळेतल्या मित्रानंच ते कॉलेजात असताना बनवलं होतं. तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक वरातीत ते वाजायचं. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "अबे, हार्ड डिस्क उडाली ना माही. सगळंच गेलं." त्याची दोनशेच्या वर गाणी होती. शेवटी गावातल्या पानठेल्यावाल्याच्या जुन्या मेमरी कार्डात एक कॉपी सापडली, ती पण फाटक्या आवाजाची.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बॅकअप हा आमच्या रोजच्या कामाचा भाग. तरी मित्राच्या गाण्यांचा बॅकअप घ्यावा, हे मला कधी सुचलं नाही. म्हणून हा लेख.

याला 'अंडरग्राउंड' का म्हणायचं?

अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हटलं की आपल्याला बर्लिनचे क्लब नाहीतर गोव्याचा हणजूण बीच आठवतो. पण कंपनी नाही, रेडिओ नाही, घरी कॉम्प्युटरवर बनवलेलं आणि हातोहात पसरलेलं नाचायचं संगीत, अशी व्याख्या केली तर वर्धा, आर्वी, पुलगावच्या वरातीत वाजणारं गाणं त्यात बरोब्बर बसतं. भीमजयंती, गणपती, देवीचं विसर्जन, लग्न हे त्याचे क्लब. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला 'डॉल्बी' म्हणतात, त्याला आपण नुसतं 'डीजे' म्हणतो.

रिमिक्स बनतं कसं?

1. बीपीएम: म्हणजे एका मिनिटात किती ठोके. मूळ गाणं 100 चं असेल आणि नाचायला 128 हवं असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये ते ताणून बसवतात. 128 बीपीएमला 64 ठोके बरोबर 30 सेकंदांत होतात. म्हणून जुन्या डीजे गाण्यांत सुरुवातीचा अर्धा मिनिट नुसता बीट असायचा. त्या वेळात ऑपरेटर आधीचं गाणं उतरवून नवीन चढवतो.

2. आवाज वेगळा काढणं: पूर्वी एक जुगाड होता. गायकाचा आवाज बहुतेक वेळा डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो. एकातून दुसरं वजा केलं की आवाज जातो आणि संगीत उरतं. पण उलटं, म्हणजे फक्त आवाज मिळवणं अवघड होतं. 2019 मध्ये डीझर कंपनीनं 'स्प्लीटर' हे एआय टूल सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. नंतर अशी टूल्स मोबाइलवर पण आली, आणि तासन्‌तासांचं काम मिनिटांवर आलं.

3. ड्रॉप: बीट थांबतो, आवाज चढत जातो आणि एकदम बेस पडतो.

4. टॅग: मधेच येणारं "डीजे अमुक, वर्धा" हे वाक्य. ऐकताना त्रास होतो, पण इथं सही करायची दुसरी सोय नाही. फाइलचं नाव कोणीही बदलू शकतं, गाण्यातला टॅग काढणं कठीण.

पेनड्राइव्हपासून रीलपर्यंत

आम्ही शाळेत होतो तेव्हा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून आणायचो. डीजेवाले एकमेकांना पेनड्राइव्ह द्यायचे, आणि चांगलं गाणं तर द्यायचेच नाहीत! मग डाउनलोड साइट्स, व्हॉट्सॲप ग्रुप आणि यूट्यूब आलं. आता रील. मित्र सांगतो, आता पोरं पाच मिनिटांचं गाणं मागतच नाहीत, "फक्त ड्रॉप पाठव भाऊ" म्हणतात. गाणं एका रात्रीत पसरतं आणि महिनाभरात विसरलं जातं.

गाणी गायब होण्याची तीन कारणं

कॉपीराइट: मूळ गाणं दुसऱ्याचं असतं, आणि परवानगीशिवाय त्याचं रिमिक्स टाकणं कायद्यात बसत नाही. यूट्यूबची 'कंटेंट आयडी' यंत्रणा प्रत्येक अपलोडची मूळ मालकांनी दिलेल्या फाइल्सशी तुलना करते. जुळलं तर जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो. मालकानं थेट तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक येतो. 90 दिवसांत असे तीन आले की चॅनेलच बंद होऊ शकतं. म्हणून चॅनेलला तिजोरी समजू नका.

कॉपीची कॉपी: पाच मिनिटांचं गाणं वेव्ह फाइलमध्ये साधारण 53 एमबी होतं, 320 केबीपीएस एमपी3 मध्ये 12 एमबी आणि 128 मध्ये 5 एमबीच्या आत. एमपी3 बनताना आवाजातला जो भाग फेकला जातो, तो परत येत नाही. 128 ची फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकून '320' केली तर फक्त साइज वाढते. छोट्या फोनवर फरक कळत नाही, पण मोठ्या बेस आणि टॉपवर लगेच कळतो.

प्रोजेक्ट फाइल: एमपी3 म्हणजे शिजलेली भाजी, प्रोजेक्ट म्हणजे कच्चा माल. एफएल स्टुडिओच्या फुकट ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण लायसन्स घेईपर्यंत तो परत उघडत नाही. क्रॅक व्हर्जन घ्याल तर सोबत व्हायरस येण्याची भीती.

एक गोष्ट सांगतो

1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी जपानी रोलंड कंपनीच्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्को बीटवर वाजवून रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर ग्रुपचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं आणि त्याच टीबी-303 मशीनच्या आवाजातून 'ॲसिड हाउस' गाजलं. सिंग यांची रेकॉर्ड 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, की हा माणूस पाच वर्षं आधी हे वाजवत होता! हे कळलं, कारण तबकड्या शिल्लक होत्या. माझ्या मित्राचं तर एक मेमरी कार्ड उरलं होतं.

तुम्ही काय करू शकता?

- गाणं पूर्ण झालं की वेव्ह फाइल आणि प्रोजेक्ट, दोन्ही ठेवा.
- तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारची साधनं, एक कॉपी घराबाहेर. क्लाउड ड्राइव्हची फुकट जागा पण चालते.
- फाइलच्या नावात वर्ष, गाव, बीपीएम लिहा. 'न्यू फायनल 2' लिहू नका!
- व्हॉट्सॲपवर गाणं 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- स्वतःचे बीट, स्वतःचा गायक वापरा. मग कॉपीराइटची भीती बरीच कमी होते.

आणि कानांचं पण बघा. अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या हिशोबानं 100 डेसिबलला रोज 15 मिनिटंच ठीक, आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ही वेळ अर्धी होते. बेसच्या समोर नाचण्यापेक्षा थोडं मागं नाचा. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद हा 2000 सालापासूनचा नियम आहे. तो आजारी माणसांसाठी आहे, लहान लेकरांसाठी आहे, डीजेवर राग म्हणून नाही.

बहिणीच्या वरातीत ते फाटकं गाणंच वाजवलं. टॅग आला तेव्हा मित्र लाजून मागं गेला. आता त्याची गाणी जमवायचं काम आम्ही दोघं करतोय, आतापर्यंत एकतीस मिळाली. तुमच्या घरी जुनं मेमरी कार्ड असेल तर फेकण्याआधी एकदा लावून बघा.