रबराचा ठोकळा धक्का कसा जिरवतो?

मागच्या आठवड्यात आपण पोलादी स्प्रिंग पाहिली. आता रबराचा बंपर, म्हणजे धक्का अंगावर घेणारा ठोकळा. त्यासाठी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर जाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेला हा विमानतळ. आज इथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था वैमानिक घडवते. शिकाऊ वैमानिक विमान उतरवतात, उडवतात, पुन्हा उतरवतात. नवख्या हातांनी उतरवलेलं विमान कधी अलगद टेकतं, कधी आदळतं.

तिथल्या डायमंड डीए-40 विमानाची मुख्य दोन चाकं पोलादी स्प्रिंगच्या पायांवर असतात, पुढचं चाक मात्र रबरी जातीच्या ठोकळ्यावर तोललेलं असतं. पोलादी स्प्रिंग घेतलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत करते. रबर तिचा काही भाग उष्णतेच्या रूपात स्वतःत जिरवतं, म्हणून उसळी लवकर शमते.

रबर दाबलं की आक्रसतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचं घनफळ जवळपास तेवढंच राहतं. वरून दाबलं की ते बाजूंना फुगतं. म्हणून बंपरभोवती फुगायला मोकळी जागा ठेवावीच लागते. तोच ठोकळा पोलादी वाटीत गच्च बसवला, तर तो धक्का जसाच्या तसा पुढे पाठवेल. बंपरच्या रचनेतली सगळी अक्कल मला या मोकळ्या जागेत दिसते.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत ताठर. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला त्यावर गंधक आणि उष्णतेचा उपाय सापडला. आजही कारखान्यात दोन लोखंडी रुळांमध्ये रबर कणकेसारखं मळतात आणि त्यात गंधक, झिंक ऑक्साइड, कार्बन ब्लॅक घालतात. मग तुकडे तापलेल्या साच्यात, साधारण 150 ते 160 अंश सेल्सिअसला दाबून ठेवतात. बोल्ट किंवा पत्रा रबरातच बसवायचा असेल तर धातू आधी खरवडून स्वच्छ करतात आणि त्यावर चिकटद्रव्याचा थर देतात. इथे बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी जोड पुढे सुटू शकतो. साच्याच्या फटीतून आलेली पातळ झालर शेवटी कापून टाकतात.

रबर निवडताना जागा पाहावी लागते. तेलाचा संपर्क असेल तिथे नायट्राइल, ऊन-पावसात ईपीडीएम. नैसर्गिक रबर उत्तम लवचीक असलं, तरी तेलात ते फुगून निकामी होतं. ट्रकच्या चासीखाली, रेल्वे डब्यांच्या बफरमध्ये, बंदराच्या धक्क्यावर, सगळीकडे हाच हिशेब.

गोंदियाच्या राईस मिलमध्ये मात्र रबराचं काम याहून नाजूक आहे. धानाचं तूस काढायला दोन रबरी रोल उलट दिशांनी फिरतात, तेही वेगवेगळ्या वेगाने. त्या फरकामुळे दाणा घासला जातो आणि तूस निघतं. रबर फार कडक असेल तर तांदूळ तुटतो, मऊ असेल तर रोल लवकर झिजतो. वेगाचा रोल आधी झिजतो. व्यास घटला की त्याच्या पृष्ठभागाचा वेगही उतरतो, दोन्ही रोलमधला फरक कमी होतो आणि बिनसोललेलं धान जास्त येऊ लागतं. म्हणून गिरणीतले कारागीर मधूनमधून रोलची अदलाबदल करतात.